मागच्या गाडीतला माणूस : सायकलपटू संघ चालवू लागतो तेव्हा

जुलै महिन्यात रात्री नऊच्या सुमारास कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर टूर द फ्रान्स पाहणारा माणूस दुर्मीळ असला, तरी अगदीच नसतो असे नाही. फ्रान्समध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, दिवसाचा टप्पा संपत आलेला असतो आणि पडद्यावर सायकलींचा मोठा घोळका एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलेला असतो. असाच एकदा मी पाहत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून डोकावत विचारले, "शर्यत सायकलींची आहे ना, मग मागे हे मोटारींचे लटांबर कशाला?" प्रश्न नेमका होता आणि मुलुंड येईपर्यंत मला त्याचे निम्मेही उत्तर देता आले नाही. राहिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

त्या मोटारींपैकी बहुतेकींचे चाक ज्याच्या हातात असते, तो माणूस काही वर्षांपूर्वी स्वतः त्या घोळक्यात सायकल चालवत होता. फ्रेंचमध्ये त्याला 'दिरेक्तर स्पोर्तिफ' म्हणतात. मराठीत क्रीडा संचालक म्हणता येईल. आपल्याकडे 'संघ व्यवस्थापक' म्हटले की हॉटेलच्या खोल्या आणि भत्त्याची पाकिटे सांभाळणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. या खेळात मात्र व्यवस्थापन शर्यतीच्या आत, ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात घडत असते, आणि त्यामुळेच सायकल सोडून ते हाती घेणे ही साधी बढती नसून एका कामातून जवळजवळ दुसऱ्याच कामात जाणे असते.

हे समजण्यासाठी आधी वाऱ्याकडे पाहावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस वरळी सीफेसवर समोरून येणाऱ्या वाऱ्यात ज्याने सायकल हाकली आहे, त्याला वेगळे सांगायला नको की सपाट रस्त्यावर वेग वाढला की माणसाची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवणाऱ्याला मात्र त्याच वेगासाठी बरीच कमी ताकद लागते, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलेल्याला तर हवेचा विरोध फारच थोडा जाणवतो. म्हणून रस्त्यावरची सायकल शर्यत वरवर एकट्याची दिसत असली, तरी मुळात ती संघाची असते. टूरमध्ये २०१८ पासून प्रत्येक संघाचे आठ सायकलपटू उतरतात, त्याआधी नऊ असत. त्यांपैकी एखादा जिंकण्यासाठी आलेला असतो आणि उरलेले बहुतांशी त्याच्यासाठी वारा झेलतात, मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून देतात. त्यांना 'डोमेस्टिक', म्हणजे सरळ अर्थाने घरगडी, असे नाव आहे आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

पायांतली ताकद हा दिवसाचा शिधा असतो. एकदा खर्चला की संध्याकाळपर्यंत भरून येत नाही, आणि एकवीस टप्प्यांच्या शर्यतीत तर आज जास्त खर्च करणारा तिसऱ्या आठवड्यात उपाशी राहतो. सायकलपटू असताना माणूस स्वतःचा शिधा स्वतः मोजत असतो. संचालक झाल्यावर त्याला दुसऱ्या आठ जणांचा शिधा वाटायचा असतो, आणि कोणाच्या पोटात नेमके किती उरले आहे हे त्याला दिसत नाही. सगळी अडचण येथूनच सुरू होते.

आता गाडीच्या आत पाहू. मोठ्या शर्यतीत प्रत्येक संघाच्या सहसा दोन गाड्या असतात. घोळक्यामागे धावणाऱ्या पहिल्या गाड्यांचा क्रम आयोजक ठरवतात आणि तो संघाचा सर्वांत पुढचा सायकलपटू एकूण क्रमवारीत कितवा आहे यावर अवलंबून असतो; म्हणजे सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून पहिला असणाऱ्याची पिवळी जर्सी ज्याच्याकडे, त्याची गाडी सर्वांत जवळ. जो संघ मागे पडला आहे त्याची गाडीही मागे, आणि त्याच्या माणसाचे चाक पंक्चर झाले तर मदत पोहोचायलाही उशीर. संचालक एका हाताने गाडी चालवतो, दुसऱ्या हातात बिनतारी यंत्र धरतो, डॅशबोर्डवर मार्गाचा नकाशा, चढांची टक्केवारी आणि दूरचित्रवाणीचे चित्र लावून ठेवतो. मागच्या सीटवर सुटी चाके घेऊन मेकॅनिक बसलेला असतो आणि टपावर सायकली टांगलेल्या असतात. शर्यतीचा अधिकृत रेडिओ सतत सांगत असतो की कोण पुढे निसटले, किती सेकंदांचे अंतर आहे, मदतीसाठी कोणी हात वर केला. खिडकीतून बाटली देताना सायकलपटूने ती क्षणभर जास्तच घट्ट धरून ठेवली आणि गाडीच्या वेगाचा फुकट धक्का मिळवला, असेही घडते. पंच पाहत असतील तर दंड होतो, नसतील तर शर्यत पुढे जाते.

इतकी साधने असूनही संचालकाला शर्यत प्रत्यक्ष दिसते ती फारच थोडी. त्याच्या पुढे शंभर-दीडशे पाठी असतात. दूरचित्रवाणीचे चित्र काही सेकंद उशिरा येते आणि डोंगरात अनेकदा गायब होते. जो माणूस दहा-पंधरा वर्षे शेजारच्याच्या श्वासावरून, खांद्याच्या डुलण्यावरून, गिअर बदलल्याच्या आवाजावरून ओळखत होता की हा आता तुटणार, त्याला हे सगळे ज्ञान बाजूला ठेवून आकड्यांवर आणि कानात येणाऱ्या तुटक वाक्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

मुंबईच्या वाचकाला याची सर्वांत जवळची खूण दहीहंडीत सापडेल. गोविंदा पथकात लहानपणी वरच्या थरावर चढलेला मुलगा वजन वाढल्यावर खालच्या थरांत येतो आणि वय वाढल्यावर एक दिवस थरांच्या बाहेर, दहा पावले लांब उभा राहतो. थर लावताना आतल्या कोणालाच मनोरा कुठे कलला आहे हे दिसत नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या खांद्यावरचा पाय जाणवतो. बाहेर उभ्या असलेल्याला कल दिसतो, पण भार जाणवत नाही. "उजवीकडचा जरा आत ये," हे त्याचे वाक्य ऐकले जाते, कारण तो भार कधी तरी त्याच्याही खांद्यावर होता हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तेवढ्याने काम भागत नाही. योग्य क्षणी योग्य माणसाला, चार शब्दांत, घाबरवून न सोडता सांगता आले पाहिजे, आणि हे खांद्यावर भार घेऊन शिकता येत नाही.

सायकलिंगच्या इतिहासात हे स्थित्यंतर सर्वांत झटपट आणि सर्वांत यशस्वी रीतीने कोणी केले असेल, तर फ्रान्सच्या सिरिल गिमारने. १९७२ च्या टूरमध्ये त्याने पिवळी जर्सी घातली होती आणि तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य सायकलपटूला, एडी मर्क्सला, झुंज दिली होती, पण गुडघ्यांनी दगा दिल्याने त्याला शर्यत सोडावी लागली. १९७६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो जितान संघाच्या गाडीत बसला. संघाचा प्रमुख बेल्जियमचा ल्युसिएन व्हॅन इम्पे हा डोंगरांचा राजा हा किताब तोपर्यंत तीनदा मिळवून त्यावर समाधानी असलेला माणूस होता. पिरनीज पर्वतातल्या सें-लारीच्या टप्प्यावर गिमारने त्याला शेवटच्या चढाची वाट न पाहता बराच आधी हल्ला करायला सांगितले. व्हॅन इम्पेला ते पटेना. तेव्हा रेडिओ नव्हते. निरोप दुसऱ्या सायकलपटूंबरोबर पाठवावा लागे किंवा गाडी शेजारी आणून ओरडावे लागे. आता हल्ला केला नाहीस तर गाडीने रस्त्याबाहेर ढकलीन, अशी धमकी गिमारने दिल्याची दंतकथा आजही सांगितली जाते. व्हॅन इम्पे निघाला, योप झूटेमेल्कला तीन मिनिटांहून अधिक मागे टाकून त्याने टूर जिंकली, आणि त्यानंतर आजतागायत एकाही बेल्जियन पुरुषाला ती जिंकता आलेली नाही. पुढे गिमारच्याच गाडीपुढे बर्नार इनोने चार आणि लोराँ फिन्योंने दोन टूर जिंकल्या. एका संचालकाच्या खात्यावर सात. त्याच्या स्वतःच्या पायांच्या खात्यावर एकही नाही.

या गोष्टीत मला धमकीपेक्षा दुसरे काही महत्त्वाचे वाटते. एक वर्षापूर्वीपर्यंत गिमार याच लोकांबरोबर शर्यती करत होता. झूटेमेल्क केव्हा पाठलाग करील आणि केव्हा इतरांची वाट पाहत बसेल, हे त्याला कोणत्याही अहवालाशिवाय माहीत होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत संचालकाकडे हे भांडवल ताजे असते, नंतर ते झिजते. नवे सायकलपटू येतात, सायकली बदलतात, खाण्याची पद्धत बदलते, आणि 'आमच्या वेळी' हे शब्द वारंवार येऊ लागले की गाडीतला माणूस जुना झाला असे समजावे.

गाडी आणि रेडिओ नसतील तर काय होते, हे पाहायचे असेल तर टोकियो ऑलिंपिकची महिलांची शर्यत आठवावी. ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सायकलपटूंच्या कानात संघाचा रेडिओ नसतो. २०२१ च्या त्या शर्यतीत ऑस्ट्रियाची अ‍ॅना किझेनहोफर, जी गणिताची संशोधक होती आणि जिच्यामागे कोणताही व्यावसायिक संघ नव्हता, सुरुवातीलाच पुढे निसटली. मागच्या बलाढ्य संघांनी तिच्याबरोबर निसटलेल्या इतरांना पकडले आणि सगळे आटोपले असे समजून त्या शेवटच्या झुंजीला लागल्या. नेदरलँड्सच्या आनेमिक व्हान व्ल्यूटेनने अंतिम रेषा ओलांडताना जिंकल्याचा आनंद साजरा केला, तेव्हा किझेनहोफरला पोहोचून सव्वा मिनिट झाले होते. जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंना पुढे आणखी एक जण आहे हे माहीत नव्हते. रेडिओमुळे शर्यती यांत्रिक झाल्या, असे म्हणणाऱ्यांची एक मोठी फळी आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण गाडीतल्या माणसाच्या कामाचे मोल दाखवायला या सव्वा मिनिटापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

संचालकाचे बरेचसे काम मात्र शर्यतीच्या दिवशी होतच नाही. २०२० च्या टूरचा विसावा टप्पा ला प्लांश दे बेल फिय या चढावर संपणारी ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल होती, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवण्याची शर्यत. प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. एकवीस वर्षांच्या ताडेय पोगाचारने ते अंतर पुसून उलट ५९ सेकंदांची आघाडी घेतली. त्या दिवसाची तयारी बरीच आधी झाली होती : मार्गाची पाहणी करून ठेवली होती, चढाच्या पायथ्याशी टाइम ट्रायलची जड सायकल सोडून हलकी सायकल घ्यायची हे ठरले होते आणि ती अदलाबदल गडबड न होता व्हावी याचा सराव झाला होता. त्या टूरमध्ये पोगाचारच्या संघाची सूत्रे हलवणाऱ्यांत अ‍ॅलन पायपर होता, ज्याने ऐंशीच्या दशकात युरोपात व्यावसायिक सायकलपटू म्हणून घालवलेल्या वर्षांत टाइम ट्रायल हेच आपले बलस्थान बनवले होते. पाय पोगाचारचे होते यात शंका नाही, पण कुठे थांबायचे आणि सायकल कोणी धरायची, हे पायांना कळत नाही.

आणि तरीही योजना मोडते. २०२२ च्या टूरमध्ये दगडी रस्त्यांवरच्या पाचव्या टप्प्यात योनास विंगेगार्डची सायकल बिघडली, त्याची गाडी मागे अडकली होती, आणि काही क्षण त्याचे सहकारी आपापल्या सायकली त्याच्या पुढे करत राहिले, ज्यांतली एक त्याच्या उंचीला मुळीच बसणारी नव्हती. पाहणाऱ्याला हसू यावे असा तो गोंधळ होता. त्या संघाने स्वतःला सावरून, पिवळी जर्सी अंगावर असलेल्या वाउट व्हान आर्टलाच विंगेगार्डच्या पुढे राहून वारा झेलायला लावले आणि पोगाचारच्या तुलनेत झालेले नुकसान १३ सेकंदांवर आणून ठेवले. पिवळी जर्सी घातलेल्या माणसाला घरगड्याचे काम सांगायला त्याच्यावर आणि स्वतःवर किती विश्वास लागत असेल, याचा अंदाज ज्याने कधी चार माणसांना एकत्र काम सांगितले आहे त्यालाच येईल.

माणसे सांभाळण्याचा सर्वांत अवघड प्रसंग मात्र याच संघावर पुढच्या वर्षी आला, आणि तो जिंकण्यामुळे आला. २०२३ च्या स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत त्यांचेच तीन सायकलपटू पहिल्या तीन क्रमांकांवर होते. त्यांत सर्वांत पुढे होता सेप कुस, म्हणजे त्याच वर्षी इटलीत रोग्लिचसाठी आणि फ्रान्समध्ये विंगेगार्डसाठी घाम गाळून दोघांनाही जिंकून देणारा सहायक. व्हुएल्टात आघाडीवर असणाऱ्याची लाल जर्सी त्याच्या अंगावर होती. सतराव्या टप्प्यात अंगलिरू या भयंकर चढावर रोग्लिच आणि विंगेगार्ड पुढे निघून गेले आणि कुस मागे राहिला. त्याला वाट काढायला मदत झाली ती प्रतिस्पर्धी संघाच्या मिकेल लांडाच्या चाकाची. दिवस संपला तेव्हा कुसची आघाडी अवघ्या ८ सेकंदांवर आली होती. नियम कोणीच मोडला नव्हता. बलवान होते ते पुढे गेले होते. तरी पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते बोचले. त्यानंतर संघाने ठरवले की उरलेल्या टप्प्यांत तिघांनी आपसात झुंजायचे नाही, आणि कुसने व्हुएल्टा जिंकली.

त्या गाडीत ग्रिशा नीरमान होता, जो स्वतः अनेक वर्षे दुसऱ्यांसाठी सायकल चालवलेला माणूस होता. निर्णय कोणाच्या मनात किती पक्का होता हे बाहेरून सांगता येणार नाही. पण प्रश्न कसा होता पाहा. सर्वांत ताकदवान माणसाला जिंकू द्यावे, हे शर्यतीचे तत्त्व. सगळे वर्ष दुसऱ्यांसाठी झिजलेल्याला एकदा त्याचे द्यावे, हे संघाचे तत्त्व, कारण पुढच्या वर्षी पुन्हा कोणाला तरी झिजायला सांगायचे आहे. सायकलपटू असताना माणसाला यांतले पहिले तत्त्व पुरते. गाडीत बसल्यावर दोन्ही सांभाळावी लागतात, आणि ती नेहमी एकत्र नांदत नाहीत. रोग्लिच त्या हंगामानंतर दुसऱ्या संघात गेला.

मोठा विजेता मोठा संचालक होतो का, हा वाद आपल्याला क्रिकेटमुळे चांगला परिचयाचा आहे. रमाकांत आचरेकर सरांनी प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळला होता. चंद्रकांत पंडित कर्णधार असताना मध्य प्रदेशचा संघ १९९८-९९ चा रणजी अंतिम सामना बंगळूरुत हरला, आणि २०२२ मध्ये त्याच मैदानावर पंडितांच्याच प्रशिक्षणाखाली मध्य प्रदेशने मुंबईला हरवून करंडक नेला. आपल्याला ते लागले, पण पंडित मुंबईचेच, म्हणून अर्धे दुःख घरात राहिले. सायकलिंगमध्येही गाडीत रुळलेल्यांत सहायकांची संख्या मोठी दिसते, आणि त्यामागचे कारण मला सरळ वाटते. विजेत्याच्या शर्यतीत शेवटची पाच किलोमीटर महत्त्वाची असतात. सहायकाला आधीची दीडशे किलोमीटर पाठ असतात. वारा कुठून वळेल, कोणता संघ उगाच ताकद घालवतो आहे, कोणत्या गावात रस्ता अरुंद होतो, हे पाहण्यातच त्याचे आयुष्य गेलेले असते. अपवाद आहेत. १९९६ ची टूर जिंकणारा डेन्मार्कचा ब्यार्ने रीस पुढे संघाचा मालक आणि व्यवस्थापक झाला आणि त्याच्या संघाच्या कार्लोस सास्त्रेने २००८ ची टूर जिंकली. २०१८ चा विजेता जेरेंट थॉमस २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कार्डिफ या आपल्या गावी शेवटची शर्यत संपवून निवृत्त झाला आणि लगोलग त्याच्याच संघात शर्यतविषयक संचालकपदावर आला. त्याचे काय होते ते पाहण्यासारखे असेल.

रीसचे नाव आले की दुसरी गोष्ट टाळता येत नाही. २००७ मध्ये त्याने कबूल केले की सायकलपटू असताना त्याने ईपीओ हे उत्तेजक द्रव्य घेतले होते. नव्वदच्या दशकातून गाडीत आलेल्या एका अख्ख्या पिढीवर ही सावली आहे. लान्स आर्मस्ट्राँगच्या संघाचा संचालक योहान ब्रुनील १९९८ मध्ये सायकल सोडून पुढच्याच वर्षी त्या गाडीत बसला होता. त्यांनी मिळवलेले सातही टूर विजय २०१२ मध्ये रद्द झाले आणि ब्रुनीलवर आधी दहा वर्षांची, मग २०१८ मध्ये आजन्म बंदी आली. उलट जोनाथन वॉटर्सने स्वतःचा भूतकाळ मान्य करत, उत्तेजकांपासून दूर राहण्याची भूमिका जाहीर करूनच अमेरिकेत संघ उभा केला. अनुभव संघाच्या उपयोगी पडतो म्हणून त्याला गाडीत बसवायचे, पण अनुभवात काय काय आले हेही विचारायचे, असा हा पेच आहे.

पात्रतेचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. यूसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या एग्ल या गावी आहे आणि क्रीडा संचालकांसाठीचा अभ्यासक्रम महासंघ चालवतो. त्यात नियम, सुरक्षा, ताफ्यात गाडी चालवणे हे सगळे येते. पहिली वर्षे बहुधा दुय्यम शर्यतींत आणि दुसऱ्या गाडीत जातात.

गाडीच्या वर आणखी एक खुर्ची असते, सरव्यवस्थापकाची, आणि तेथे सायकलिंग जवळजवळ संपते. सायकलिंगच्या संघाला मैदान नसते, त्यामुळे तिकिटे नसतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लाखो लोकांकडून एक पैसा मिळत नाही, आणि टूरच्या प्रक्षेपणाचे उत्पन्न आयोजक कंपनीकडे जाते. टूरच्या विजेत्याला पाच लाख युरो मिळतात, पण परंपरेने ते सहकारी आणि कर्मचारी यांच्यात वाटले जातात. म्हणजे संघ जवळजवळ पूर्णपणे प्रायोजकावर जगतो. गोविंदा पथकाच्या टी-शर्टवर दरवर्षी वेगळे नाव दिसते, पण पथकाचे नाव तरी तेच राहते. येथे संघाचे नावच प्रायोजकाचे असते. वर आलेला विंगेगार्डचा संघ एके काळी राबोबँक होता. आर्मस्ट्राँग प्रकरणानंतर बँकेने २०१२ मध्ये हात काढून घेतला, तेव्हा संघाने काही महिने 'ब्लँको', म्हणजे कोरा, हे नाव लावून शर्यती केल्या. मग बेल्किन, मग लोटोएनएल-युम्बो, मग युम्बो-व्हिस्मा आणि २०२४ पासून व्हिस्मा-लीज अ बाइक. त्याला तेथपर्यंत नेणारा सरव्यवस्थापक रिचर्ड प्लुग हा मूळचा पत्रकार, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सायकलपटूला हे काम कोणीच शिकवलेले नसते. फ्रान्सच्या जेरोम पिनोने २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावर थोड्याच वर्षांत स्वतःचा संघ उभा केला आणि तो टूरपर्यंत नेला. २०२२ च्या अखेरीस नवा मोठा प्रायोजक मिळेल या भरवशावर त्याने पुढच्या हंगामाची आखणी केली, मार्क कॅव्हेंडिशसारखे नाव त्या संघाशी जोडले जाऊ लागले, आणि डिसेंबरमध्ये सगळे कोसळले. प्रायोजक आला नव्हता. हंगाम तोंडावर असताना सायकलपटू आणि कर्मचारी नव्या जागा शोधत हिंडले. ज्याने आयुष्यभर 'अजून एक चढ, मग उतार आहे' असे स्वतःला समजावून शर्यती पूर्ण केल्या, तो बँकेच्या खात्याबद्दलही तसेच समजावू शकतो. सायकलवर हा गुण असतो, खुर्चीत तो धोका ठरू शकतो.

यात भर म्हणून गुणांचे गणित. सर्वोच्च श्रेणीत १८ संघांना परवाने मिळतात आणि तीन वर्षांच्या गुणांवर कोण राहणार, कोण खाली जाणार हे ठरते. २०२० ते २०२२ या पहिल्या फेरीत टूरचा एक टप्पा जिंकल्यास १२० गुण होते, तर बेल्जियम-फ्रान्समधली १.१ या खालच्या श्रेणीची, फारशी कोणाला ठाऊक नसलेली एकदिवसीय शर्यत जिंकल्यास १२५. परिणाम व्हायचा तोच झाला. घसरणीच्या भीतीतले संघ चांगले सायकलपटू छोट्या शर्यतींत पाठवू लागले आणि जिंकण्यापेक्षा पहिल्या दहांत तिघे आणण्याला महत्त्व आले. २०२२ अखेर लोटो आणि इस्रायल प्रीमियर टेक हे संघ खाली गेले. पुढे गुणांची रचना बदलली. पण ज्याने कधी दुसऱ्या क्रमांकासाठी सायकल चालवली नाही, अशा माणसाला 'आज पाचवा आलास तरी चालेल' असे सांगावे लागणे, हे त्या तीन वर्षांनी अनेकांना शिकवले.

एका बाईने मात्र हा रस्ता उलटाही चालून दाखवला. नेदरलँड्सची अ‍ॅना व्हान डर ब्रेखेन ही २०१६ ची ऑलिंपिक विजेती आणि रस्त्यावरच्या शर्यतीत दोनदा जगज्जेती. २०२१ नंतर तिने सायकल ठेवली आणि आपल्याच संघाच्या गाडीत संचालक म्हणून बसली. डेमी व्होलरिंगची ती प्रशिक्षकही झाली. २०२३ ची महिलांची टूर व्होलरिंगने जिंकली. त्याच टूरमध्ये संघाच्या गाडीच्या आडोशाने पुढे आल्याबद्दल व्होलरिंगला २० सेकंदांचा दंड झाला, आणि त्यावर तोंडसुख घेतल्याबद्दल प्रमुख संचालक डॅनी स्टामला शर्यतीतूनच काढण्यात आले. गाडीतल्या माणसाच्या चुकीची किंमत सायकलीवरच्या माणसाने मोजल्याचे हे नमुनेदार उदाहरण. तीन हंगामांनंतर, २०२५ मध्ये, व्हान डर ब्रेखेन पुन्हा सायकलवर बसली आणि व्होलरिंग तोपर्यंत दुसऱ्या संघात गेलेली असल्याने गुरू आणि शिष्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या.

आपल्याकडे हे सगळे एका टेम्पोत मावते. महाराष्ट्रातल्या सायकलपटूचे स्वप्न बराच काळ मुंबई-पुणे शर्यत आणि बोर घाटातला 'घाटाचा राजा' हा किताब एवढे राहिले आहे, आणि कारकिर्दीचा शेवट, नशीब बरे असेल तर, रेल्वेतल्या नोकरीत होतो. नंतर तोच माणूस सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन निघतो. तोच संचालक, तोच मेकॅनिक, केळ्यांचा हिशेब ठेवणाराही तोच. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक शर्यतीत अशा एका टेम्पोत मी मदतनीस म्हणून होतो. खोपोली मागे पडली, घाट सुरू झाला आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे आमच्या सर्वांत चांगल्या चढणाऱ्या मुलाचे मागचे चाक गेले. जादा चाक पनवेललाच वापरून झाले होते. सरांनी क्षणभर पुढे पाहिले, मग त्याच्या मागून येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या दुसऱ्या मुलाला हात करून थांबवले आणि त्याचे चाक काढून पहिल्याला बसवले. दुसरा मुलगाही पहिल्या दहांत होता. "बस आत," एवढेच सर त्याला म्हणाले. तो लोणावळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि सरांनीही समोरच्या आरशातून त्याच्याकडे दोन-तीनदा पाहिले, तेवढेच.